तिसरी नळी

फ्रीझरने बोंब ठोकली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि बाहेरची झिमझिम दोन दिवस झाले तरी थांबायचं नाव घेत नव्हती. रुग्णालयाच्या तळघरातल्या त्या प्रयोगशाळेला एकच खिडकी होती, तीही छताला लागून. तिच्यातून दिसायचा ओला फुटपाथ आणि त्यावरून जाणारी पावलं. माणूस कधी दिसायचा नाही. शंकाबाई फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठ लावल्याने आतली थंडी थोडीच थांबणार होती? पण तिला राहवेना.

शंकाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. स्वतः केलेली चाचणी दोनदा करायची आणि दुसऱ्याने केलेली तिसऱ्यांदा, म्हणून सगळ्यांनी मिळून हे नाव पाडलं होतं. वय एकतीस. लग्नाची स्थळं आली तरी ती त्यांतही शंका काढायची, आणि शेवटी तिच्या मावशीने हात टेकले होते.

खिडकीतून दोन बूट घाईने गेले, जिन्यात धडधड झाली आणि खांद्यावर फ्रीझरमध्ये भरायच्या गॅसचा सिलिंडर घेतलेला एक उंच माणूस दारात उभा राहिला. नखशिखान्त भिजलेला.

"मॅडम, बाजूला झालात तर फ्रीझर दिसेल मला."

"बाजूला झाले तर तापमान चढेल."

"मग तुमच्यासकटच दुरुस्त करावा लागेल."

तिला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. ती बाजूला झाली.

फ्रीजवाल्याने मागचा पत्रा काढला. हात काळे करता करता त्याने विचारलं, "आत आहे तरी काय एवढं?"

"पाचशे एकोणनव्वद निरोगी माणसांचं रक्त."

"निरोगी माणसांचं? मी समजत होतो, इथे आजाऱ्यांचं तपासतात."

तिने सांगितलं. कामाचं बोलायला लागली की तिचा चेहरा उजळायचा, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला मात्र तेव्हाच कळलं. ट्रोपोनिन नावाचं एक प्रथिन हृदयाच्या स्नायूत असतं. हृदयाला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. नवी चाचणी इतकी तीक्ष्ण, की धडधाकट माणसाच्या रक्तातलं किंचितसं ट्रोपोनिनसुद्धा तिला दिसतं. मग किती असलं तर ठीक आणि किती असलं तर धोका, हे ठरवायचं कसं? तर शंभर निरोगी माणसं आकड्याप्रमाणे ओळीत उभी करायची आणि नव्व्याण्णवाव्यापाशी रेघ मारायची. बायकांची रेघ वेगळी, पुरुषांची वेगळी. कंपनी यंत्राबरोबर तिची रेघ देते, पण आपली माणसं मोजून ती पडताळावी लागते. तीनशे बायका, तीनशे पुरुष.

"बायका तीनशे झाल्या. पुरुष अकरा कमी आहेत. पुरुषांना सुईची भीती वाटते."

फ्रीजवाल्याने भिजलेली बाही कोपरापर्यंत चढवली. "दहाच कमी आहेत असं समजा."

अर्ज भरताना तो प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणत गेला. रक्तदाब नाही, साखर नाही, छातीत दुखणं नाही. शेवटची चौकट होती : तपासणीत काही वेगळं आढळल्यास तुम्हाला कळवावे का? त्याने तिथेही 'नाही'वर खूण केली.

"अहो, नीट वाचा तरी."

"वाचलं की. वाईट असलं तर कळवू नका. चांगलं असलं तर तुम्ही स्वतः येऊन सांगा."

त्याच्या नळीवर तिने चिकटपट्टी लावली, पुरुष २९०. नियमाप्रमाणे नावं प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या बाई, यांच्या कुलपात जायची आणि टेबलावर नुसते आकडे राहायचे. पण तो आकडा तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. विसरणार कसा?

सहाशे पूर्ण झाले तसे तिने सगळे नमुने यंत्राला लावले. पुरुषांचे आकडे चारपासून निघाले, पंधरा, वीस असे चढत गेले, आणि चौतिसापाशी रेघ येईल असं दिसू लागलं. पुढे मोकळी जागा. आणि मग एकटाच, लांब, एकाहत्तर.

पुरुष २९०.

 संगणकाने शांतपणे विचारलं, हा आकडा बाकीच्यांपासून फार दूर आहे, वगळायचा का? असं वगळायची पद्धतच आहे. एखादी नळी बिघडते, रक्तात बारीक गुठळी राहते, तेवढ्यासाठी सगळ्यांची रेघ वर सरकू द्यायची नसते. पण वगळण्याआधी नमुना पुन्हा लावायचा, हाही नियम. जन्मभर दुसऱ्यांना तो नियम शिकवणारी ही बाई त्या दिवशी तो विसरली. विसरली कसली, तिला विसरायचं होतं. सिलिंडर उचलून भिजत आलेला माणूस, दमला असेल... नळीत गुठळी असेल... तिने 'वगळा' दाबलं आणि कारण लिहिलं, 'नमुना खराब.' जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या शंकाबाईने त्या दिवशी माणसावर घ्यायची शंका नळीवर घेतली.

अकरा दिवस तिला धड झोप लागली नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. बाराव्या दिवशी तिने जुनीच नळी पुन्हा लावली. सत्तर. नळी चांगली होती.

मग फ्रीझरवर चिकटवलेल्या त्याच्या नंबरवर तिने फोन केला. "तुमचं रक्त... थोडं कमी पडलं. पुन्हा येऊ शकाल?"

पलीकडे तो हसला. "रक्त कमी पडलं, की मी?"

'उद्या या,' म्हणून तिने फोन ठेवला. तो त्याला हवं ते समजला.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून तेच बूट दिसले, पण आज पॉलिश केलेले. तो गरम कॉफीचे दोन कप घेऊन आला होता. रक्त द्यायला लागली दोन मिनिटं आणि बसला तासभर. त्याने सांगितलं की तो कोणत्याही फ्रीझरच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखतो. तिने सांगितलं की ती घराचं कुलूप लावून तीनदा ओढून बघते. तो म्हणाला, "एकदा तुम्ही ओढा, दोनदा मी ओढेन." ती पोट धरून हसली. आणि तो जिना चढून गेल्यावर, त्याचीच नळी हातात धरून, खुर्चीत बसून रडली.

एकाहत्तर.

आकडा चढत नव्हता, उतरत नव्हता. म्हणजे झटका नव्हे. म्हणजे त्याचं हृदय थोडं थोडं, रोजच झिजत होतं, आणि तो सिलिंडर खांद्यावर घेऊन जिने चढत होता.

ती मोठ्या बाईंकडे गेली आणि 'नमुना खराब' हे खोटं लिहिल्यापासून सगळं सांगून मोकळी झाली. मोठ्या बाई फटकळ, पण मनाने निर्मळ. त्यांनी आधी तिची खरडपट्टी काढली. मग कुलूप उघडून अर्ज बघितला आणि चष्मा काढला.

"ह्याने कळवू नका म्हटलंय. आपल्याला सांगता येणार नाही."

"पण बाई, तो मरेल!"

"सांगता येणार नाही म्हटलं मी. विचारता येणार नाही असं कुठे म्हटलं? ती खूण बदलायची आहे का, एवढं विचार. आणि ते तूच विचार. माझ्या तोंडून त्याला नुसता धसका बसेल."

तिसऱ्या वेळी तो इस्त्रीचा निळा शर्ट घालून आला. बाहेर आभाळ इतकं भरलेलं की तळघरात सकाळीच दिवे लावले होते. त्याने आपणहून हात पुढे केला... आणि तिचा धीर सुटला. तिने मुकाट्याने पट्टा बांधला, सुई टोचली, नळी भरली. विचारणं तेवढंच दोन मिनिटं पुढे ढकललं.

"आईला सांगितलं मी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, एक मुलगी आहे. सारखी रक्त काढायला बोलावते. आई म्हणाली, अरे गाढवा, एवढं रक्त कुणी उगाच काढतं का? घेऊन ये तिला घरी."

तिने नळी टेबलावर ठेवली. 

"तुमच्या अर्जात... शेवटची एक चौकट आहे. काही वेगळं आढळलं तर कळवावं का. तुम्ही नाही म्हटलंय. ती खूण... बदलायची आहे का?"

तो हसत होता, ते हसू हळूहळू ओसरलं. फ्रीझरची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस तो, त्याला आणखी काय सांगायचं?

"म्हणजे तुम्ही मला ह्यासाठी बोलावत होतात," तो अगदी हळू म्हणाला. "आणि मी येडा... बुटांना पॉलिश करत होतो."

"दुसऱ्यांदा ह्यासाठी बोलावलं. खरं आहे."

"आणि आज?"

"आज रक्ताची गरज नव्हती. दोन नळ्या पुरतात. ही तिसरी मी यंत्राला लावणारच नव्हते." तिने नळी बाजूला सारली. "तुम्ही अजून थोडा वेळ बसावं म्हणून काढली. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून आवडता, आणि म्हणूनच तुमचा आकडा मला खरा वाटू द्यायचा नव्हता. त्यापायी मी अकरा दिवस घालवले. तुम्ही मला काय हवं ते बोला."

 त्याने कापसाचा बोळा कोपराच्या खळगीत दाबून धरला. मग त्याने अर्ज ओढला आणि 'नाही' खोडून 'हो'वर खूण केली.

पुढच्या आठवड्यात हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची भिंत जाड झाली आहे, हे घराण्यातून येतं. औषधं आहेत, लागलंच तर छातीत बसवायचं यंत्र आहे, बरीच वर्षं काढता येतील. पण ओझं उचलायचं नाही आणि धावपळ बंद. घरात कुणी अचानक गेलं होतं का, ह्या प्रश्नावर तो म्हणाला, वडील. त्या अर्जात वडिलांबद्दल प्रश्नच नव्हता.

रुग्णालयाच्या पायऱ्यांवर तो तिला म्हणाला, "एक काम करा माझं. आईला तुम्ही सांगा, मला जमायचं नाही. आणि मग तुम्ही मोकळ्या. वडील गेले तेव्हा आई छत्तीसची होती. तिचं पुढचं आयुष्य मी बघितलंय. ते मी कुणाला देणार नाही."

तिने वाद घातला नाही. ती त्याच्या घरी गेली.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन. आई नवी साडी नेसून वाट बघत होती, सून बघायला मिळणार म्हणून. ते शंकाबाईने बघितलं. तरी तिने सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. फ्रीजवाला भिंतीकडे तोंड करून बसला होता.

आईने पदर हातात घट्ट धरला. मग तिने विचारलं ते भलतंच.

"ह्याच्या वडिलांनासुद्धा... हेच होतं का गं?"

"तसंच वाटतं, आई. डॉक्टरांनाही तसंच वाटतं."

"ते खालच्या जिन्यात होते. मी वरून ओरडले, भराभर या, जेवण गार होतंय. ते धावत चढले आणि दुसऱ्या वळणावर बसले." आईने पदर बोटाला गुंडाळला. "एकवीस वर्षं झाली. मी कुणाला बोलले नाही. माझ्या हाकेने गेले ते."

फ्रीजवाला गर्रकन वळला. त्यालाही हे माहीत नव्हतं.

"नाही आई," शंकाबाई म्हणाली. "ते आधीपासूनच आत होतं. तुम्ही हाक मारली नसती तरी होतं. तेव्हा ते दाखवणारी ही नवी चाचणी नव्हती."

आई रडली. मोठ्याने, लहान मुलासारखी रडली. एकवीस वर्षांचं साठलेलं, एका दमात थोडंच संपणार? शंकाबाईने तिला जवळ घेतलं. शेवटी डोळे पुसून आईने मुलाकडे बोट केलं.

"हा तुला जा म्हणाला असेल."

"हो."

"बापावर गेलाय. त्यांना माहीत असतं तर तेही मला जा म्हणाले असते, आणि मी गेले नसते. तेरा वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर. त्यातला एक दिवस परत देणार नाही." आई उठून आत गेली. "बोला तुम्ही दोघं."

दोघं खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर छत्र्या चालल्या होत्या.

"तुला भीती नाही वाटत?" त्याने विचारलं. 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"वाटते की. रोज वाटेल. रात्री तुझा श्वास चालतोय ना, ते मी उठून बघेन."

"आणि एखाद्या सकाळी..."

"त्या सकाळी मी रडेन. आईंसारखीच रडेन. पण भीती वाटली म्हणून जीव लावायचं थांबवता आलं असतं ना, तर मी दुसऱ्याच नळीला थांबले असते."

 त्याने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.