तळ्यावर ते येतं

सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं मोबाइल अ‍ॅपसाठी बटणं आणि चिन्हं काढत होते. मी मथुरा, मूळची निपाणीची. मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी चित्रं काढायचं कॉलेजपासून मनात होतं. गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि पवित्राकडे गेले. ती बेळगावची. इथल्याच शिवाजीनगरात तिचं छोटं कन्नड प्रकाशन आहे, त्यालाच लागून मुलांचं वाचनालय.

तिनं एक गोष्ट हातात ठेवली. एक मुलगी रोज तळ्याकाठी बसते. मग ते येतं, पाणी पितं आणि जातं. एवढंच. ते म्हणजे कोण, हे गोष्टीत कुठंच नव्हतं.

"ते तू ठरव," पवित्रा म्हणाली.

मी हत्ती काढला, हरीण काढलं, पंख असलेलं काहीतरी काढलं. सगळं सुबक आणि निर्जीव.

"हे परत बटणासारखंच झालंय गं," पवित्रा म्हणाली. "शनिवारी मुलांना पानं दाखवायचीत. नाही जमलं तर मला दुसरं कुणीतरी बघायला लागेल."

शेवटी मी नुसतं तळं रंगवलं. लव्हाळी, चिखल, पाठमोरी मुलगी. मधली जागा तशीच राहिली, पांढरी. तिथं ब्रश टेकवायला हात धजेना. छापील पुस्तकातही ते पान तसंच आहे.

शनिवारी सकाळी मुलं सतरंजीवर जमली. बाहेर बसचे हॉर्न चालू होते, शेजारच्या गॅरेजमधून ऑइलचा वास येत होता. पवित्रा कन्नडमधून गोष्ट सांगत होती आणि मी मुलांसमोर एकेक पान धरत होते. कुणी जांभया देत होतं, कुणी शेजारणीची वेणी ओढत होतं.

ते पान आलं आणि चुळबुळ थांबली.

फसलं, असं मला वाटलं. घाईनं पुढचं पान घ्यायला गेले.

"इरी अक्का, स्वल्प इरी." पहिल्या रांगेतली सोनम मला थांबायला सांगत होती. "ते पाणी पितंय."

"कोण?"

 तिची नजर पानावरून हळूहळू उजवीकडे सरकत होती. मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांचीच सरकत होती, एकाच वेगानं.

मी पान वळवून पाहिलं. मधे तोच पांढरा कागद. पवित्राही वाकून बघून गेली.

"काही नाही की," ती पुटपुटली.

मी पान परत मुलांसमोर धरलं. त्यांच्या चेहऱ्यांवर भीती नव्हती. तोंडं अर्धवट उघडी, श्वास रोखलेले. माझ्या कुठल्याच चित्राकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. आणि मुलं जे पाहत होती, ते मी काढलेलंच नव्हतं.

हॉर्न ऐकू येईनासे झाले. ओल्या चिखलाचा वास आला.

नजरा पानाच्या कडेला पोचल्या. क्षणभर थांबल्या.

मग कडेवरून बाहेर आल्या.

माझ्या मनगटावर. खांद्यावर. खांद्यामागे. तिथून वर चढत गेल्या, पार छतापर्यंत.

मी मागे वळले नाही.

पवित्रा भिंतीला चिकटून उभी राहिली. सोनमनं शेजारणीला हाताला धरून बाजूला ओढलं. एकेक करत सगळ्यांनी पाय पोटाशी घेतले, आणि सतरंजीच्या मधोमध, माझ्यापासून समोरच्या दारापर्यंत, रुंद वाट मोकळी झाली.