हनुवटीची खळी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्यासमोर घडलंय. मागच्या उन्हाळ्यात, कोल्हापुरात, मंगळवार पेठेत.

माझी थोरली बहीण अनुजाताई दातांची डॉक्टर. कवटीची आणि दातांची मापं घेऊन माणूस दिसायला कसा असेल, ते ती मातीत घडवते. गडमुडशिंगीजवळ विहिरीतला गाळ काढताना एक कवटी सापडली. पोलिसांनी तिची प्लास्टरची नक्कल ताईच्या दवाखान्यात आणून दिली.

नाकाच्या पोकळीवरून नाक, सुळ्यांमधल्या अंतरावरून ओठ...

चेहरा झाला. धारदार नाकाचा, पातळ ओठांचा पुरुष.

कबनूरच्या तानाबाई बघायला आल्या. त्यांचा मुलगा बेपत्ता होता.

"ह्यो माझा कृष्णात न्हाय. त्येचं व्हट जाड हुतं. नाक बसकं हुतं."

त्या गेल्या. ताईनं कुलूप लावलं.

सकाळी उघडलं तर...

ओठ जाड. नाक बसकं.

"ऋतुराज, तू हात लावलास?" ताई माझ्यावरच उखडली.

"मी कशाला लावू? किल्ली तुझ्याकडंच हाय की!"

तिनं माती खरवडली. परत मापं घेतली. परत पातळ ओठ केले.

दुसऱ्या सकाळी...

परत जाड.

ताईनं पट्टी भिंतीवर फेकली. "मापं बरोबर हायत रे माझी! कितींदा तेच करायचं?"

मग गणपतराव आले, हरवलेल्या भावाला शोधत. चेहरा बघून म्हणाले, "न्हाय. विजयसिंहच्या हनुवटीला खळी हुती."

ताईनं मातीवर ओलं फडकं टाकलं. आम्ही त्यांना सोडायला दारापर्यंत गेलो.

मागून आवाज आला...

ओल्या मातीत बोट रुतल्यासारखा.

फडकं काढलं.

हनुवटीला खळी होती.

पुढं तपासणीचा रिपोर्ट आला. कवटी कृष्णातची नव्हती. विजयसिंहचीही नव्हती.

ताईनं तसं सांगितलं, तेव्हा तानाबाई म्हणाल्या, "नसंना का. कुणाचं तरी लेकरू हाय की. मी नेती त्येला."

पोलिसांनी कवटी दिली नाही. ताई कुणाकुणाशी भांडली. उपयोग शून्य.

परवा ती दवाखान्यात फोनवर बोलत होती. माझ्यासाठी स्थळ आलंय.

"माझा भाऊ सावळा हाय, नाक जरा वाकडं, पण हसला की..."

तिच्या पाठीमागंच त्या मातीच्या चेहऱ्यावर ते फडकं टाकलेलं होतं.

"ताई! बाहेर जाऊन बोल!" मी ओरडलो.

ती थांबली.

खोलीत तोच आवाज आला...

ते फडकं आम्ही अजून उचललेलं नाही.