पुलावरचा भार

वाचून हसाल, चालेल. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही. मी तिथे होते.

आणि रात्रही नव्हती. शनिवारची दुपार होती. लख्ख ऊन.

माझी वहिनी पुलांची तपासणी करणारी इंजिनिअर. शहराबाहेर नदीवर एक जुना पूल आहे. त्याच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळावं म्हणून तिने कित्येक वर्षं ऑफिसांचे उंबरठे झिजवले. दर वेळी उत्तर तेच. या पुलावर अजून कुणी दगावलेलं नाही, आधी बाकीचे पूल.

अखेर अनुदान मंजूर झालं. पैसे सुटण्याआधी पुलाच्या खालच्या बाजूचे ताजे फोटो हवे होते. तिचा ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून गाडी मी काढली.

नदी आटलेली होती. आम्ही थेट पुलाखाली जाऊन उभ्या राहिलो.

वर गाडी चढली की अलीकडच्या लोखंडी सांध्यावर 'खडाक्' वाजायचं. उतरताना पलीकडच्या सांध्यावर पुन्हा 'खडाक्'. थोड्या वेळात कानाला सवय झाली.

मग एक जड गाडी आली. बस असावी.

खडाक्...

मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली.

तो आलाच नाही.

बंद पडली असेल, म्हणून मी वर बघायला गेले. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. पुलाच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, बराच वेळ झाला, सायकलसुद्धा गेली नाही.

खाली आले तर वहिनी कॅमेरा हातात धरून तशीच उभी.

"बोलू नकोस. ऐक."

खडाक्... खडाक्... खडाक्...

एकामागून एक गाड्या चढत होत्या. उतरत एकही नव्हती.

मग सगळी इंजिनं बंद झाली. आणि डोक्यावर... माणसांची कुजबुज. कुणीतरी खोकलं. एक मूल किरकिरत होतं. रस्त्यात अडकलेली माणसं कंटाळून बोलतात ना, अगदी तसं.

मग बरोबर आमच्या वरून एका बाईचा आवाज आला. साधा, थकलेला.

"अजून किती वेळ?"

मी वहिनीचा हात ओढला. पण वहिनीच्या तोंडून सवयीनेच गेलं, ऑफिसात रोज सगळ्यांना सांगायची तेच.

"मंजूर झालंय. लवकरच काम सुरू होईल."

कुजबुज थांबली. मूलही गप्प झालं.

वर सगळे ऐकत होते.

आम्ही गाडीपर्यंत कशा पोचलो, आठवत नाही.

पूल बंद करा, म्हणून वहिनी साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नाही. पूल चाचणीत पास आहे, पलीकडच्या लोकांचा दवाखाना अलीकडे आहे, मी कारण काय लिहू, असं त्यांनी शांतपणे विचारलं. वहिनी तशीच परत आली.

पुढे काम सुरू झालं. पूल ज्या बेअरिंगवर टेकलेला असतो त्या बदलायच्या, तर अख्खा पूल जॅक लावून केसभर उचलावा लागतो. वाहतूक थांबवली. जॅक लावले.

पूल हलेना.

कंत्राटदाराने पुलावर उभ्या असलेल्या आपल्या माणसाला फोन करून विचारलं, गाड्या अजून काढल्या नाहीत का?

वर एकही गाडी नव्हती.

भार मोजणारा काटा बदलला. जॅक बदलले. रिकामा पूल गाड्यांनी भरलेल्या पुलाएवढाच जड... शेवटी कंत्राटदाराने काम सोडलं. मुदत संपली, अनुदान परत गेलं आणि पूल पुन्हा सुरू झाला.

दादाची, म्हणजे माझ्या भावाची, फॅक्टरी पलीकडे आहे. दुसरा रस्ता फार लांबचा. वहिनी रडली, भांडली. त्याने हसण्यावारी नेलं. नोकरी सोडून घरी बसू का, म्हणाला.

आज हे लिहायला बसले, त्याचं कारण सांगते.

दादा संध्याकाळी उशिरा आला. बूट काढता काढता म्हणाला, "पुलावर आज केवढी गर्दी. कितीतरी वेळ अडकलो. आणि गंमत म्हणजे कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

मी बाहेर जाऊन पंक्चरवाल्याला फोन लावला. तो दादाला ओळखतो.

"गर्दी कसली, ताई? पूल मोकळाच होता. तुमचे दादाच मधोमध गाडी बंद करून बसले होते. एकटेच. मी हाका मारल्या, पण त्यांनी बघितलंसुद्धा नाही."

मी आत आले. वहिनी त्याला जेवायला वाढत होती.

उद्या त्याची सकाळची पाळी आहे.