जाहिरात नसलेलं वाक्य

एकोणीस-एकोणीस! बॅडमिंटनचा उपांत्य सामना, इंडोनेशियाकडून खेळणारी आपल्या सोलो शहराची जोडी विजयापासून दोन गुणांवर येऊन ठेपलेली, बुदे सुमीच्या खानावळीत चाळीस माणसं श्वास रोखून बसलेली… आणि टीव्ही काळा पडला. आवाजही गेला.

"वेनिंग!" सगळे माझ्याच नावानं ओरडले.

ओरडणारच. बुदे म्हणजे माझी थोरली मावशी. तिच्या टीव्हीला मी कॉलेजच्या प्रकल्पासाठी बनवलेला इलेक्ट्रॉनिक डबा जोडला होता. जाहिरात लागली की डब्यानं ती आपोआप ओळखायची, पडदा काळा करायचा, आवाज बंद करायचा. टीव्ही इतका जुना, की आवाजाची तार जोडायला त्याला भोकच नाही. म्हणून डब्याला मी एक छोटा माईक लावला होता. आता मध्येच काय बिनसलं, मला कळेना.

पडदा उजळला तेव्हा आपले खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले होते. जिंकण्याचा फटका आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

"बुदे, आल्याचा एक काढा मिळेल का?" मघापासून दारात फोनवर बोलत उभं असलेलं कुणीतरी आत येत म्हणालं.

टीव्ही पुन्हा काळा!

मी वळून पाहिलं. उंच, सडपातळ तरुण, रेनकोटमधून पाणी ठिबकतंय, चेहरा गोंधळलेला. "माझं… काही चुकलं का?"

काळाच!

आणि मला कळलं. हा तर जाहिरातींतला आवाज! डास पळवणाऱ्या उदबत्तीचा, पोटदुखीच्या तेलाचा, नारिंगी सरबताचा… आठ महिने मी हाच आवाज कानात घालून डब्याला घोकून शिकवलं होतं, की हा आला रे आला की गप्प करायचं. आणि कबूल करते, सरबताची जाहिरात मी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळा ऐकली होती.

"तुम्ही बोलू नका," मी म्हणाले.

"कायमचं?"

"टीव्ही सुरू होईपर्यंत!"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं काढ्याची खूण केली, आणि डोळ्यांनी असा काही हसला, की माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

त्याचं नाव तेगार. सगळा प्रकार सांगितल्यावर तो पोट धरून हसला. "म्हणजे माझं तोंड बंद करायला तुम्ही आठ महिने घालवलेत? माझ्या आईला दोन मिनिटांत जमतं!"

मला मात्र हसू येईना. रविवारी अंतिम सामना. माझे सर विद्यादी, ज्यांना आम्ही मानानं पाक विद्यादी म्हणतो, त्याच दिवशी इथे येऊन डब्याची परीक्षा घेणार होते. एकही जाहिरात दिसता कामा नये, सामन्याचा एकही क्षण जाता कामा नये. एक चूक, की माझं वर्ष वाया.

"सोपं आहे. मी रविवारी येतच नाही," तेगार म्हणाला.

"छे! घरोघरी टीव्हीसमोर माणसं बोलतातच की. तुमच्यासमोर टिकत नाही तो डबा काय कामाचा? तुम्ही यायचं. आणि सामनाभर बडबडायचं."

"मग तोपर्यंत काय करू?"

"रोज संध्याकाळी येऊन बोलायचं. साधं. काही विकायचं नाही. डब्याला दोन्हींतला फरक शिकवायचाय."

तो आला. काढा मागवून बोलत बसला. मांजराबद्दल, मोटरसायकलबद्दल, आईच्या हातच्या तळलेल्या तेंपेबद्दल, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांबद्दल… पण तेंपेचा कुरकुरीतपणासुद्धा असा सांगायचा, की पडदा काळा!

"तुम्हाला साधं बोलताच येत नाही का हो?"

त्यानं काढ्याचा पेला बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "सवय गेलीय बहुतेक. सगळं शहर माझा आवाज ऐकतं… पण जेवलास का, असं विचारत कुणी नाही."

टीव्ही सुरूच राहिला. मी उठले आणि भाताचं ताट त्याच्यासमोर ठेवलं. त्या संध्याकाळी डबा खूप शिकला. मीही.

शनिवारी तो जरा पुढे झुकला. "वेनिंग, तुझे डोळे म्हणजे… पहाटेच्या शेतावरचं मऊ धुकं…"

काळा!

"बघ! डब्याला कळतं, माल खपवतोयस ते!" मी हसून बेजार झाले. त्याचे कान लालबुंद झाले होते. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

रविवारी पाक विद्यादी वही घेऊन पंख्याखाली बसले. पहिल्या जाहिरातीला पडदा काळा. दुसरीला काळा. तिसरी पोटदुखीच्या तेलाची होती. तेगारचा आवाज अर्ध्या शब्दातच कापला गेला, आणि सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तेगारनंच वाजवल्या! सामना सुरू असताना तो कबूल केल्याप्रमाणे बडबडत होता. पंचांना नावं ठेवत होता, भजी मागत होता, शेजारच्याशी भांडत होता. टीव्ही ढिम्म हलला नाही.

एकोणतीस-एकोणतीस. पुढचा गुण शेवटचा. खानावळीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता… आणि नेमका तेव्हाच तो बोलला.

"वेनिंग… मी ना… म्हणजे… रोज यायचो ते काढ्यासाठी नाही. आलं मला झोंबतं. तू… तू आवडतेस मला."

चाळीस जोडी डोळे त्याच्याकडे, मग टीव्हीकडे…

टीव्ही लख्ख सुरू होता! फटका बसला, शटल पलीकडे जमिनीवर पडलं, आणि खानावळीचं छप्पर उडेल असा आरडाओरडा झाला. जिंकलो!

पाक विद्यादींनी वही मिटली. "डबा पास."

"डबा पास झाला गं," बुदे गर्दीतून ओरडली, "पण या पोराचा निकाल?"

मी तेगारसमोर जाऊन उभी राहिले. "पुन्हा म्हण."

एवढी माणसं बघताहेत म्हटल्यावर बिचारा गडबडला. छाती पुढे काढून, सरबताच्याच गोड, घोटीव आवाजात त्यानं सुरुवात केली, "वेनिंग, माझं तुझ्यावर जिवापाड प्रेम…"

टीव्ही काळा! ऐन बक्षीस समारंभात!

"वेनिंग!" चाळीस माणसं पुन्हा ओरडली. पाक विद्यादी मात्र खूश होऊन म्हणाले, "बरोबर पकडलं."

मी त्याचा हात हातात घेतला. "असं नाही. मघासारखं."

"तू… तू आवडतेस मला," तो अडखळत म्हणाला.

"तूही," मी म्हणाले. "सरबताच्या जाहिरातीपासून."

पडदा उजळला. आपला झेंडा वर चढत होता.