भिंतीवरचा एप्रिल

“दोन हजार अकराचा वसंत रिकामा आहे, पोरी,” वकीलबाई म्हणाल्या. “तेव्हा तू अमेरिकेतच होतीस, हे दिसायला हवं. काहीतरी आण.”

कुठून आणू? तीन वर्षांची असताना आईच्या कडेवरून, कागदपत्रांविना सीमा ओलांडली, तेव्हापासून मी इथेच आहे. पण शाळा संपल्यावर वर्षभर लोकांची मुलं सांभाळली, कागदावर कुठेच काही नाही. फोटो म्हणावेत, तर कुणी कॅमेरा उचलला की आई माझी मान हळूच दुसरीकडे वळवायची. पुढे मान आपोआपच वळू लागली. घरातल्या सगळ्या फोटोंत माझी नुसती वेणी!

लहानपणी असं आणलेल्या मुलांसाठी सरकारने यंदा नवी सवलत काढली होती. तिचा अर्ज मंजूर झाला तर दोन वर्षं मला कोणी देशाबाहेर काढणार नव्हतं, नर्सिंगला जाता येणार होतं. फेटाळला गेला तर घराचा पत्ता मीच सरकारच्या हातात देऊन बसणार होते. चर्चच्या पायरीवर येऊन डोळे पुसत बसले. आमच्या फ्रेस्नो शहरभर द्राक्षं वाळत असल्याचा गोड वास पसरला होता, तोही नको वाटत होता.

“यारेली... व्हेरोनिकानं रडायचं नसतं.”

बेकरीचा पाव आत पोचवायला आलेला ओसिएल. गेल्या वर्षी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत मी येशूचा घाम पुसणारी व्हेरोनिका होते आणि हा रोमन शिपाई. चाबूक उगारला की शिरस्त्राण डोळ्यांवर घसरायचं त्याचं.

“तुला आठवतं अजून?”

“सप्टेंबर उजाडला, तरी माझ्या भिंतीवर एप्रिलच आहे.”

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं, चर्चने यंदाच्या कॅलेंडरात एप्रिलच्या पानावर त्या मिरवणुकीचा फोटो छापला होता, खाली दोन हजार अकराच्या तारखेसकट. आमच्या घरी आईने ते कॅलेंडर लावलंच नव्हतं. का, ते आत्ता उमगलं.

तो घरी जाऊन पान घेऊन आला. फोटोत माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. फक्त... मी येशूकडे बघत नव्हते.

“घाम पुसायचा सोडून कुठं बघत होतीस?”

“तुझं शिरस्त्राण घसरत होतं.”

“हं. शिरस्त्राण.”

माझे कान तापले. मान खाली घातली, तेव्हा त्याचाही चेहरा फोटोत दिसला, माझ्याइतकाच स्पष्ट. तोही माझ्यासारखाच कागदांविना राहत होता. तू अर्ज केलास का, मी विचारलं. वयाच्या सोळाच्या आत आलेल्यांनाच करता येतो, तो म्हणाला, आणि तो आला तेव्हा त्याला सतरावं उलटलं होतं.

मी पान त्याच्यापुढे धरलं. “नको. तूही जाशील सरकारदरबारी. तुझा भाग कापून...”

“कापलेला फोटो कोण मानेल?” त्याने पान माझ्या हातात परत ठेवलं. हात मात्र लगेच काढला नाही. “जाऊ दे. आपण दोघं एका जागी होतो, याची कुठंतरी नोंद राहू दे.”

वकीलबाईंनी पान फाइलीत लावलं. मी बाहेर आले, तर तो गाडीला टेकून उभा होता.

“तुझी भिंत रिकामी केली मी,” मी म्हटलं.

“मग भरून दे.” त्याने बिचकत फोन वर केला. “काढू?”

सवयीने माझी मान वळलीच. आईचा हात जाणवला हनुवटीवर... मग मी सावकाश त्याच्याकडे तोंड केलं.

“तेव्हा शिरस्त्राणाकडे नव्हते बघत मी,” म्हणाले. “काढ आता.”