याटीतली चौथी चौकट

"भाऊसाहेब, आज तरी पाणी मिळू द्या. न्हाईतर माझा नातू हातचा जाईल."

सुंदरबाईनं तहसीलच्या जीपचं दारच धरलं. आत केजचे अव्वल कारकून सुग्रीव बसले होते. टँकरचं पाणी चोरीला जातंय असा अर्ज आला होता आणि चोर संध्याकाळपर्यंत सापडला नाही, तर उद्यापासून या वस्तीचा टँकर बंद, असा वरचा हुकूम होता. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना!

धरण कोरडं ठाक. मधोमध, भेगाळलेल्या गाळात, वस्तीची 'याट' बसली होती. मच्छीमार सोसायटीनं चार वर्षांपूर्वी कुण्या शेठजीची जुनी यॉट मुंबईहून लिलावात आणली होती. पर्यटक येतील, पैका येईल! केजच्या सटवा सुताराला लावून आतल्या झोपायच्या खोल्या तोडल्या, बाकं बसवली, मागं सोसायटीचं ऑफिस केलं. रंग वाळला आणि पाणी आटलं. आता तिच्या पोटातली लोखंडी टाकी तेवढी कामाची. टँकर रोज तिच्यात रिकामा व्हायचा, घरटी चार घागरी वाटायच्या.

पण गेल्या महिन्यापासून रोज तीस घागरी कमी पडत होत्या.

टाकीच्या तोटीची किल्ली सुंदरबाईकडं. मग चोर कोण? सुंदरबाई! लोकांना तेवढंच पुरलं. चार दिवस तिच्या घराचं पाणी बंद होतं. घरात नऊ दिवसांची बाळंतीण सून, तिचं दूध आटत चाललेलं. शेजारणीनं चोरून दिलेल्या तांब्यावर घर जगत होतं.

सुग्रीव आधी टँकरवर चढले. काठोकाठ भरलेला. याटीची टाकी अजून रिकामी होती, तिच्यात उतरून हात फिरवला. कुठं गळती नाही. तळाशी दोन नळ्या निघत होत्या.

"दुसरी नळी कसली?"

"जुनीच हाय, भाऊसाहेब. शेठच्या न्हाणीची," सोसायटीचा सचिव बद्रीनाथ म्हणाला. "बंद केलीय."

"किल्ली सुंदरबाईशिवाय कुणाकडं?"

"कुणाकडंच न्हाई. मला तरी वाईट का वाटत न्हाई? पन काकूनं असं करायला नको व्हतं."

"नेऊन नेऊन तीस घागरी नेऊ कुठं रं?" सुंदरबाई कडाडली. "डोईवर का पदरात? घराची झडती घेतलीत ना समद्यांनी?"

चेअरमन आप्पा खाली मान घालून उभे राहिले. झडती त्यांनीच घ्यायला लावली होती. घावलं काहीच नव्हतं.

सुग्रीव याटीला फेरी मारायला निघाले. सकाळचे दहा. सावली पश्चिमेला पडली होती आणि एक हडकुळं कुत्रं पूर्वेला, भर उन्हात, जीभ काढून पसरलं होतं. सुग्रीवांनी त्याला हुसकलं, खाली वाकून माती चिमटीत घेतली आणि आत गेले.

ऑफिसात एक टेबल, भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट. सगळीकडं पांढरा ऑइलपेंट.

"हा नवा रंग कुणी दिला?"

"मीच. सोसायटीचा खर्च वाचावा म्हनून," बद्रीनाथ म्हणाला.

"सटवानं दारं किती बसवली?"

"तीन. मोजा की."

सुग्रीवांनी मोजली. पुढचं, मधलं, ऑफिसचं. तीनच. मग त्यांनी खुर्ची ओढली, वर चढले आणि कपाटाच्या वरची भिंत बघून खाली उतरले.

"आप्पा, माणसं बोलवा. बाया आधी."

माणसं दाटीवाटीनं उभी राहिली. बाहेर पोरं रडत होती.

"माझा बाप सुतार होता," सुग्रीव म्हणाले. "सुतार चौकट उभी करतो तेव्हा वरच्या पट्टीला कुंकवाची पाच बोटं ओढतो, मग नारळ फोडतो. खरं ना?"

"खरं हाय," आप्पा म्हणाले.

"भिंतीला ओढतो का?"

"भिंतीला कशाला वढंल?"

"मग या कपाटावर कुंकवाची पाच बोटं कशी? दारं तीन, कुंकू चार ठिकाणी. सटवानं शेठच्या न्हाणीला नवी चौकट बसवली होती. पुढं कुणीतरी फळ्या ठोकून ती बुजवली, वर रंग फासला. पण देवाच्या कुंकवावर ब्रश फिरवायला त्याचा हात धजला नाही. कुंकू सोडून भोवतीनं रंग दिलाय. आणि रंग कुणी दिला, ते आत्ता तुम्ही ऐकलंत."

बद्रीनाथचं तोंड पांढरंफटक पडलं.

"टाकीची दुसरी नळी याच न्हाणीत येते. टँकर ओतला की ती उघडायची, मग तोटीच्या किल्लीला विचारतो कोण? जुनं पाणी खाली सोडायचं. म्हणून तिथली माती ओली, म्हणून कुत्रं सावली टाकून उन्हात. रोज पाणी बदलायला लागतं असं आत काय आहे, ते मात्र मला माहीत नाही. कपाट ओढा!"

दोघांनी कपाट ओढलं. त्याला मागची बाजूच नव्हती. तिथली सुटी फळी काढली. आत कमरेएवढं पाणी, ताडपत्रीचं अस्तर, आणि त्यात वीस-बावीस दांडगे मासे. कटला, रोहू. शेपट्या सळसळत होत्या.

मग एका म्हातारीनं हंबरडा फोडला, "आरं मुडद्या, आमच्या तोंडचं पानी माशांना पाजलंस?"

बद्रीनाथ चौकटीशी जाऊन बसला.

"धरणातली शेवटची मासळी हाय ही. आंड्यावरची. पाऊस पडल्यावर माशांचं बी कुठून आननार? ही मेली तर सोसायटी मेली. अख्खी वस्ती कोयते घिऊन ऊसतोडीला जाईल. मी एक घोट सुदिक घरी नेला न्हाई, आप्पा. लेकीची आन."

तो खोटं बोलत नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं. आप्पांनी डोळे पुसले. ते सुंदरबाईकडं वळले, "काकू, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आमी. चुकलो."

सुंदरबाईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती बद्रीनाथसमोर उभी राहिली.

"मला सांगायचंस. माझ्यातली एक घागर मी दिली असती. मागितली असतीस तर समद्यांनीच दिली असती. तू मला चोर व्हऊ दिलंस. चार दिवस रोज माझ्या दारावरनं गेलास, आत लेकरू रडताना ऐकलंस."

"काकू, येवढ्या बारीला मासळी ऱ्हाऊ दे. पाया पडतो."

तिनं घागर पाण्यात बुडवली. एक रोहू तिच्या मनगटाला घासून गेला.

"वास येतोय त्येला, सुंदरे. टँकर भरून उभा हाय की," म्हातारी म्हणाली.

"उकळून घीन. माझं चार दिसांचं पानी हाय हे."

घागर डोक्यावर घेऊन ती निघाली. मग दुसरी बाई पुढं आली, मग तिसरी. दुपारपर्यंत मासे ताडपत्रीवर तडफडू लागले. बद्रीनाथ एकेक मासा उचलून उरल्यासुरल्या पाण्यात ठेवत होता, आणि घागर घेऊन आलेल्या बाईला वाट करून देत होता.