शिंक झाली, थांब जरा

मी सलग अकरा वेळा शिंकले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "अकरा!"

सिल्वासाजवळ नरोलीच्या फाट्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते मी. नाकाला ओढणी, डोळ्यांतून पाणी. वळून पाहिलं तर एक सावळा मुलगा, सायकलच्या कॅरिअरला रोपं बांधलेली, गालातल्या गालात हसतोय.

"मोजायला काय झालं? दुसरं काम नाही का?"

"आहे ने, मॅडम. निघालोच होतो. पण निघताना कुणी शिंकलं की थांबायचं, असं आमची आई सांगते. एका शिंकेला एक मिनिट म्हटलं तरी..." त्यानं सायकल खुशाल स्टँडला लावली. "अकरा मिनिटं."

"एवढं पाळता तुम्ही?"

"आजपासून."

आगाऊ कुठला! पण हसू आलंच मला.

अरविंद त्याचं नाव, इथल्याच सुरंगी गावचा. कंपन्यांच्या बागा सांभाळणाऱ्या ठेकेदाराकडे माळी होता. मी मनीषा, तळोद्याची. घरच्यांनी न विचारता लग्न ठरवलं म्हणून भांडून इथे आलेली, धाग्याच्या कंपनीत मशीनवर लागलेली. धागा तुटला की जोडायचा, एवढंच काम. पण त्याला डोळे धड लागतात, आणि थंडी पडली की माझे डोळे लालभडक. नोकरी गेली तर परत तळोदा आणि तोच नवरा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर रोज फाट्यावर गाठ. मी शिंकायची, तो थांबायचा. कधी शिंक नाही आली तर म्हणायचा, "आज काय राग आहे का आमच्यावर?" मी म्हणायची, "येते का मागून ती?" आणि मग... दोघंही थांबायचो. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"तुला हे कशानं होतं गं?"

"कशानं म्हणजे? धूळ! हे ट्रक बघ ना."

इथे सगळे हेच म्हणतात. खोकला, धूळ. डोळे, धूळ. मीही म्हटलं, त्यानंही मानलं. आणि पुढच्याच रविवारी पठ्ठ्या माझ्या चाळीत हजर, हातगाडीवर कोनोकार्पसची, कंपन्यांच्या भिंतींना लावतात त्या झाडाची, चाळीस रोपं घेऊन!

"ठेकेदाराकडे उरली होती. तुझ्या खिडकीसमोर भिंत उभी करतो बघ, हिरवी. धुळीची काय बिशाद!"

माझ्याच खोलीत राहणारी उषा म्हणाली, "काय वं मनीषा, लोक गजरा आणतात, तुझ्यावाला जंगल आणतो." मी लाजून आत पळाले. पण त्या झाडांना दीड वर्ष पाणी घातलं ते मीच. एकेका झाडाला. प्रेमानं, खरंच सांगते.

झाडं डोक्याच्या वर गेली. दुसऱ्या थंडीत त्यांना फुलं आली. बारीक, हिरवट, ना रंग ना वास. फुलं आहेत हे कळलंही नाही कुणाला. माझा मात्र श्वास छातीत शिट्टी वाजवायला लागला. जिना चढताना तीनदा बसायची. मशीनवर धागा दिसेना. खाडे वाढले, सुपरवायझरनं दोनदा दम भरला. अरविंद बिचारा म्हणायचा, "खिडकी उघड ने, झाडांची हवा घे." मी उघडायची.

शेवटी सिल्वासात डॉक्टरीणबाईंनी हातावर टोचून तपासणी केली. एक गाठ चिंचोक्याएवढी फुगली. "परागकण," त्या म्हणाल्या. "घराजवळ कोनोकार्पस आहे का?"

"आहे..."

"कुणी लावलं?"

मी बाही खाली ओढली.

संध्याकाळी अरविंदला सांगितलं. सकाळी कुऱ्हाड घेऊन आला. चाळीसच्या चाळीस झाडं पाडली, आणि तसाच धावत माझ्या दारात, केसांत फुलं, शर्टभर भुकटी. "मने, संपलं सगळं, आता..." त्यानं मला जवळ घेतलं. पहिल्यांदाच.

आणि मला श्वास येईना.

ओठ निळे पडले होते म्हणे. उषानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी घरी आले तर तो अंगणात चार पावलं लांब उभा. धुतलेला शर्ट, ओले केस. जवळ ये म्हटलं तरी येईना.

"चाळीस पाडली," तो म्हणाला. "पण पार सायली गावापर्यंत प्रत्येक कंपनीच्या भिंतीला तीच आहेत गं. निम्मी तर मीच लावलीयेत..."

त्याच आठवड्यात कंपनीनं मला कमी केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही हवा सोडा. श्वासाचा पंप आणि गोळ्या लिहून दिल्या.

"मी काम सोडतो. तुझ्याबरोबर येतो," अरविंद म्हणाला.

"आणि आई? तिला कोण बघणार? आणि तुला मातीशिवाय दुसरं येतं तरी काय?" बोलले, आणि जीभ चावली. पण ते खरं होतं.

मला सुरतच्या बसला बसवायला आला, पण रस्त्याच्या पलीकडेच उभा राहिला. कामावरूनच आला होता, कपडे तेच, भुकटीचे. सुरतहून पुढे तळोदा, आणि घरी लग्नाचं सगळं ठरलेलं होतं, तारीखसुद्धा. मी खिडकीतून बघत होते आणि मनात एकच — शिंक, मनीषा. एक तरी. पण सकाळीच गोळी घेतली होती. नाक कोरडं ठणठणीत. दोन वर्षांत पहिल्यांदा इतका स्वच्छ श्वास येत होता, आणि तो मला नको होता.

ड्रायव्हरनं गाडी गिअरमध्ये टाकली.

"आंऽऽक्छी!"

पलीकडून अरविंद ओरडला. ज्याला जन्मात कधी शिंक नाही, तो! पुन्हा. पुन्हा. तोंडापुढे हात धरून, खोटीखोटी, रडतरडत. बसमधली माणसं हसायला लागली. कंडक्टर म्हणाला, "गांडो छे के शुं?" वेडाच ठरवला त्याला.

मी मोजत होते. बस वळली तेव्हा सात झाल्या होत्या.

पुढच्या चार मला ऐकू आल्या नाहीत.